55 सीडींचा फुर्टवेंगलर बॉक्स घ्यावा का? (बडोद्यातून विचारतेय)

मांडवीची_मंद्र

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. जर्मन कंडक्टर फुर्टवेंगलरच्या रेकॉर्डिंगचा तो मोठा बॉक्स, वॉर्नर कंपनीने 2021 मध्ये काढलेला, 55 सीडीवाला, तो घ्यायचाय. म्हणजे घ्यायचा की नाही तेच ठरत नाहीये. आपल्या बडोद्यात असला माल दुकानात हातात घेऊन बघता येईल असं काही राहिलं नाही, बाहेरूनच मागवावा लागणार, त्यावर कुरियर, त्यावर कस्टम, आणि आमचे हे म्हणतात की 55 सीडी तू ऐकणार कधी, आधी प्लेअरचा ट्रे उघडतोय का ते बघ. (उघडतो. थोडं थोपटावं लागतं.)

आमच्याकडे ऐकणं सगळं हिंदुस्थानी. आजोबांनी फैय्याज खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं, त्यामुळे बाकी कुणाचं काहीही लावलं तरी "बरं गातो" याच्या पुढे गाडी जायची नाही. मला हे पाश्चात्त्य वेड युनिव्हर्सिटीत असताना एका गोवेकर मैत्रिणीच्या कॅसेटींमुळे लागलं आणि मग ते सुटलंच नाही. आता यूट्यूबवर बीथोव्हेनची पाचवी सिंफनी फुर्टवेंगलरची म्हणून शोधायला जावं तर 1926 ची निघते, 1937 ची निघते, 1943 ची, 1954 ची, आणि ती एकटी 1943 ची चार जणांनी चार तऱ्हांनी चढवलेली. एकीत नुसती भजी तळल्यासारखी खरखर, दुसरीत खरखर अजिबात नाही पण व्हायोलिनची धारच गेलेली, तिसरी अर्ध्या सुराने चढी. कुठली खरी तेच कळेना म्हणून वाटलं की एकदाच काय तो सगळा संच घेऊन टाकावा, म्हणजे डोक्याला ताप नाही.

तर विचारायचंय असं की रीमास्टर रीमास्टर म्हणतात ते नक्की काय करतात? जुन्या आवाजातून खरंच काही बाहेर काढतात का नुसतं रंगरंगोटी? आणि एवढा मोठा संच घ्यावा का निवडक चार सीडी घेऊन गप्प बसावं? कंडक्टर टोस्कानिनीचा 84 सीडींचा पण दिसला, ऑपेरा गायिका मारिया कॅलासचा 69 चा दिसला, आता झोप लागत नाही.

रावपुरा_78

मंद्रताई, बॉक्सवर सीडी किती लिहिल्यात ते सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की ट्रान्सफर, म्हणजे जुन्या तबकडीवरून वा टेपवरून आवाज उतरवून घेणं, कशावरून केलाय आणि कुणी केलाय. बाकी सगळं त्यानंतर.

आणि एक महत्त्वाचं, नाहीतर बॉक्स घरी आल्यावर शोधत बसाल. तुमची ती 1943 ची पाचवी या 55 मध्ये नाहीये. हा बॉक्स म्हणजे फुर्टवेंगलरने रेकॉर्ड कंपन्यांसाठी केलेलं काम, 1926 पासून ते 1954 मध्ये गेले तोपर्यंतचं. युद्धकाळातली जी रेकॉर्डिंगं ऐकून लोक वेडे होतात ती जर्मन रेडिओच्या टेपवरची, ते खातं वेगळं. त्या टेपा युद्ध संपल्यावर रशियन लोक मॉस्कोला घेऊन गेले, बरीच वर्षं तिथेच पडून होत्या, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी परत यायला लागल्या, आणि बर्लिन फिलहार्मोनिकने आता स्वतःच 1939 ते 1945 असा 22 डिस्कचा संच काढलाय. म्हणजे पाचवीसाठी जीव टाकत असाल तर तुम्हाला हवाय तो बॉक्स दुसराच आहे.

आता रीमास्टर. 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांची, तबकडी म्हटली की मूळ मेणावर कापलेलं, त्यावरून धातूचे साचे, त्यावरून लाखेच्या तबकड्या. साचा शाबूत असेल तर त्यावरून नवी शांत प्रत काढता येते, नसेल तर जगात कुणाकडे चांगली राहिलेली लाखेची तबकडी आहे ते शोधत फिरायचं. एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती मिळाल्या तर कुठल्या प्रतीची कुठली बाजू कमी झिजलीय हे बघून निवडायची. मग सुई. घरच्या ग्रामोफोनच्या जाड सुयांनी खाच जिथे घासली गेलीय तिथून वर किंवा खाली, जिथे भिंत अजून कोरी आहे तिथे बसेल अशा मापाची सुई लावायची, म्हणून चांगल्या ट्रान्सफरवाल्याकडे सुयांचा अख्खा डबा असतो. मग इक्वलायझेशन, म्हणजे बास-ट्रेबल पुन्हा जागेवर आणणं, कारण 1954 च्या आधी जो तो आपल्या मर्जीने बास कापायचा आणि ट्रेबल चढवायचा, एक नियम नव्हता. मग वेग. मग जोड. हे सगळं झालं की शेवटी खरखर कमी करायची, आणि लोक फक्त या शेवटच्या पायरीलाच रीमास्टर म्हणतात!

जोड म्हणजे काय ते सांगतो. 1937 ची पाचवी घ्या. 12 इंची तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावणार, म्हणजे सिंफनीचे तुकडे करून वाजवायचे, बाजू भरली की अख्खा ऑर्केस्ट्रा हात वर करून थांबणार, मेण बदलणार, पुन्हा तिथून सुरू. प्रत्येक बाजू म्हणजे वेगळा टेक, आवाज कमीजास्त, वेग कणभर इकडेतिकडे. ते सगळं असं शिवायचं की ऐकताना ताल कुठे अडखळला हे कळता कामा नये. मार्क ओबर्ट-थॉर्न आणि वॉर्ड मार्स्टन ही दोन नावं लक्षात ठेवा, ट्रान्सफर यांचा असला की मी डोळे मिटून घेतो.

वॉर्नरच्या 55 मध्ये पाचव्या तीन आहेत, 26, 37 आणि 54. तीन्ही ओळीने ऐका. पहिली ऐकताना दम लागतो, विजेच्या मायक्रोफोनचे तेव्हा अगदी सुरुवातीचे दिवस. दुसरीत हॉल दिसायला लागतो. तिसरी टेपवरची, व्हिएन्नाची, तिथे खरखरीचा प्रश्नच नाही. पण मला विचाराल तर वाजवणं 37 चं, आणि तेवढ्यासाठी थोडी खरखर मी खुशीने सोसतो.

अलकापुरी_एक्सप्रेस

कशाला हा सगळा उपद्व्याप? हे सगळं स्ट्रीमिंगवर आहे, महिन्याचं भाडं भरा आणि ऐका. 55 सीडी ठेवायला कपाट, कपाट ठेवायला खोली, आणि बडोद्यात खोलीचा भाव काय चाललाय माहितीये ने?

रावपुरा_78

भाऊ, स्ट्रीमिंगवर आहे खरं, पण काय आहे ते लिहिलेलं नसतं. नुसतं "फुर्टवेंगलर, बीथोव्हेन 5, रीमास्टर्ड". कुठल्या सालची, कुणाचा ट्रान्सफर, काही नाही, वर साल म्हणून त्यांनी अपलोड केलेलं वर्ष टाकलेलं. जुनी रेकॉर्डिंगं बऱ्याच देशांत हक्कातून मोकळी झालीत त्यामुळे कुणीही कुणाचीही सीडी उचलून वर आणखी दोन फिल्टर मारून टाकतो. मंद्रताईंना ज्या चार 43 च्या पाचव्या सापडल्या त्या अशाच. माझ्याकडेही स्ट्रीमिंग आहे, नवीन वादकांसाठी उत्तम. जुन्यासाठी पुस्तिका हातात लागते, कुठल्या तारखेला, कुठल्या हॉलमध्ये, मॅट्रिक्स नंबर, म्हणजे तबकडीवर खरवडलेला साच्याचा आकडा, काय.

खंडेरावची_पिशवी

मी व्यवहाराचं बोलतो, संगीतातलं मला या दोघांइतकं कळत नाही.

एक तर सीडी आल्या आल्या रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, टाका. कॉम्प्युटरला बाहेरून लावायचा ड्राइव्ह मिळतो, एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फ्लॅक फाइल (आवाजातलं काही न गमावता लहान होणारी) करा. मोनो रेकॉर्डिंग असल्यामुळे फाइल आणखी लहान होते कारण डावं-उजवं एकच, अख्खा 55 चा बॉक्स 15 जीबीच्या आसपास बसेल, म्हणजे तुमच्या फोनमध्येसुद्धा. त्रास रिप करण्यात नाही, नावं देण्यात आहे. इंटरनेटवरून नावं आपोआप येतात ती अर्धी जर्मनमध्ये, अर्धी इंग्रजीत, एका सीडीवर कलाकार बीथोव्हेन आणि पुढच्या सीडीवर कलाकार फुर्टवेंगलर. बसून हाताने एकसारखी करा, नाहीतर पुढे काही सापडणार नाही. रोज दोन सीडी, चहाबरोबर, एवढाच वेग ठेवा.

हल्ली मोठ्या बॉक्समध्ये सीडी पुठ्ठ्याच्या पाकिटात येतात, घट्ट. बोटाने ओढलं की चरा पडतो, कधी डिंक लागलेला असतो. पाकिटाच्या दोन कडा दाबून तोंड उघडा आणि सीडी तळहातावर घसरू द्या. आणि 80-90 च्या दशकातले जुने जाड डबे सेकंडहॅण्ड घेणार असाल तर आतला फोम आधी काढून फेका, तो विरघळून सीडीला चिकटतो आणि वरचा थर खातो. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेल्या काही सीडी तांबूस होऊन बाद झाल्यात, डिस्कच्या आतल्या कड्याजवळ बारीक अक्षरात मेड इन यूके बाय पीडीओ असं दिसलं तर विकणाऱ्याकडून फोटो मागवा.

ठेवायचं म्हणाल तर खालचा कप्पा नाही. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री कुणाकुणाच्या घरात शिरली ते सांगायला नको. आमच्याकडे नुसती ओल आली तरी पुठ्ठ्यांना पांढरी बुरशी धरली, सीडींना काही झालं नाही पण पाकिटं गेली. सिलिका जेलच्या पुड्या आणि छताखालचा कप्पा.

ट्रे अडकतो त्याचं कारण बहुतेक आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो. पाचपन्नास रुपयांची वस्तू आहे, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याला सांगा, थोपटू नका.

मांडवीची_मंद्र

खंडेराव, बेल्टचं सोनं केलंत, यांना वाचून दाखवलं.

रावपुराकाका, 1943 चं सांगितलंत ते फार बरं झालं, मी तर वॉर्नरच्या बॉक्सची ऑर्डर अर्धी भरून ठेवली होती. पण आता उलटाच प्रश्न पडलाय. एका कंडक्टरसाठी लोकांनी एवढं केलं, तीन-तीन पाचव्या, तारखा, हॉल, पुस्तिका. मग आपल्या फैय्याज खाँसाहेबांचं असं सगळं एका जागी, एका हाताने नीट साफ केलेलं, का नाही? माणूस बडोदा दरबारचा गायक, 1950 मध्ये इथेच गेला, म्युझिक कॉलेज सूरसागरला अजून उभं आहे. आणि मी त्यांची "बाजूबंद खुल खुल जाय" शोधायला गेले तर दहा वेगवेगळे आवाज, एकात तर पट्टी इतकी वर की खाँसाहेब विशीतले वाटतात.

राजवाडा_ते_सराफा

इंदूरहून बोलतोय, बडोदेकरांच्या गप्पांत घुसतोय, माफी असावी.

मंद्रताई, ती पट्टी वर जाते ना, आपल्या जुन्या रेकॉर्डची मेख नेमकी तीच आहे, पाश्चात्त्य बॉक्सवाल्यांचं काम त्या बाबतीत सोपं. बीथोव्हेनची पाचवी सी मायनरमध्ये हे जगाला माहीत आहे, ऑर्केस्ट्रा साधारण कुठे सूर लावतो तेही माहीत आहे, म्हणजे तबकडी भरभर फिरतेय का हळू हे तासाभरात ठरतं. वर विजेचं रेकॉर्डिंग असेल तर वीजपुरवठ्याची बारीक गुणगुण त्यात दडलेली असते, ती 50 हर्ट्झवर आणून वेग नक्की करणारे लोक आहेत, फ्रान्समधला प्रिस्टीन ऑडिओवाला अँड्र्यू रोज हे करतो. आता आपल्याकडे या. गवयाचा सा काळी एक का काळी दोन हे त्याच्या गळ्यावर आणि त्या दिवसावर, लेबलवर 78 छापलंय म्हणून तबकडी 78 नेच कापलीय असं नाही, जुन्या काळी सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही चालायचं. मागे पेटी असेल तर थोडा आधार, पेटीचे सूर पक्के असतात, त्यामुळे सा दोन पट्ट्यांच्या मधोमध आला तर समजायचं की वेग चुकलाय. नुसती सारंगी असेल तर ती गवयाच्या सा ला मिळवलेली, ती काय साक्ष देणार. मग कान आणि तारतम्य. म्हणून हे काम करायला असा माणूस लागतो ज्याला यंत्रही कळतं आणि त्या घराण्याचा आवाजही ओळखीचा आहे.

आणि खरखरीबद्दल रावपुरा_78 यांच्याशी मी थोडा भांडणार आहे. तुम्ही "थोडी खरखर सोसतो" म्हणता, मी म्हणतो काढूच नये. आपल्याकडे तानपुऱ्याचा झंकार आणि तबकडीची खरखर एकाच जागी राहतात, वरच्या भागात. सॉफ्टवेअरला कुठे कळतंय की तानपुऱ्याची जवारी कुठली आणि घासलेली लाख कुठली, ते दोन्ही पुसतं. अमीर खाँसाहेबांची ती मारवा आणि दरबारीची एलपी ऐका, ती तर एलपी, खरखर मुळातच कमी, तरी कुणीतरी इंटरनेटवर "स्वच्छ" करून टाकलीय, त्यात मंद्रातला दरबारीचा गंधार कापसात गुंडाळलाय. आमच्या इंदूरच्या माणसाचं नाव ज्या रागांवर कोरलंय त्यांचं हे करायचं?

रावपुरा_78

भांडा भांडा, पण मी कुठे सगळी काढा म्हटलं. टकटक आणि फटफट काढायची, ती एकेकटी असते, हाताने एक एक काढता येते, गाणाऱ्याला धक्का लागत नाही. सळसळ आहे ती राहू द्यायची, पाच मिनिटांत कान तिला विसरतो. टोस्कानिनीच्या 84 मध्ये नेमकं उलटं दुखणं आहे बघा, अमेरिकेतल्या एनबीसी रेडिओचा स्टुडिओ 8-एच इतका कोरडा होता की वाद्यं तोंडावर आपटतात, म्हणून काही जण वरून हॉलचा घुमारा मिसळतात. मला ते पटत नाही. कोरडा होता तर कोरडाच ऐकवा.

मंद्रताई, फैय्याज खाँसाहेबांचं विचारलंत. कंपन्यांनी त्यांचं काढलं वेळोवेळी, 78 च्या त्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या चिजा, नट बिहागची "झन झन झन पायल बाजे", जयजयवंतीची "मोरे मंदर अब लो नहीं आये", आणि रेडिओवरची लांब गाणी एलपीवर आली. पण सुटी सुटी. एका जागी, तारखेवार, मॅट्रिक्स नंबरसकट, हे कुणी मनावर घेतलं नाही. कायद्याची अडचण म्हणाल तर 78 च्या बाबतीत ती उरलेली नाही, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. अडचण ही की चांगल्या स्थितीतली प्रत कुणाकडे, आणि ती तो देणार का. इथल्या कितीतरी घरांत माळ्यावर तबकड्या पडल्यात, मुलं भंगारात देतात.

पण बडोद्याच्या वाट्याला अगदीच काही नाही असं नाही. इथली गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ, 1882 मध्ये इथेच जन्मले, पुढे सूफी म्हणून युरोपात गाजले ते. त्यांनी 1909 मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीसाठी 31 रेकॉर्डिंगं केली होती आणि ती सगळीच्या सगळी दोन सीडींमध्ये निघाली. भोंग्यासमोर गायलेली, मायक्रोफोन यायच्या आधीची, त्यामुळे आवाज लांबून येतो, पण "सगळं एका जागी" याचा तो नमुना आहे. 55 च्या समोर 2 म्हणजे काहीच नाही, आणि मला विचाराल तर त्या दोनांना मी हलकं समजत नाही.

सयाजीबाग_सकाळी_सहा

इनायत खाँवरून आठवलं. अगदी सुरुवातीच्या आपल्या रेकॉर्डच्या शेवटी गाणारे स्वतःचं नाव सांगायचे, गौहर जानचं "माय नेम इज गौहर जान" तर प्रसिद्धच आहे, 1902 पासूनचं. त्याचं कारण, मूळ मेणं जर्मनीला हॅनोव्हरच्या कारखान्यात जायची आणि तिथल्या कारागिराला कुठली कोण बाई गातेय हे कसं कळणार. हल्लीचे काही साफसफाईवाले ते नाव कापून टाकतात, गाणं संपलं म्हणून! कुणी असा संच काढणार असेल तर तेवढं तरी राहू द्या.

मंद्रताईंना माझा सल्ला जरा निराळा. फुर्टवेंगलरच्या आधी पियानोवादक आर्टुर श्नाबेलच्या बीथोव्हेन सोनाटा घ्या, 1932 ते 35 मधल्या, बत्तीसच्या बत्तीस. छोटा संच आहे, खिशाला परवडतो, ट्रान्सफर दोन-तीन जणांचे मिळतात त्यामुळे तुलना करून आपल्या कानाला काय रुचतं ते कळतं. मजा म्हणजे तो मुळातही संचच होता, वर्गणीदार जमवून खंडाखंडाने विकलेला. एचएमव्हीने त्याच्या आधी संगीतकार ह्यूगो वोल्फच्या गाण्यांसाठी 500 वर्गणीदार मिळाले तरच रेकॉर्ड काढू अशी अट घातली होती आणि लोकांनी गाणं ऐकायच्या आधीच पैसे भरले. तेव्हा तुमच्या यांना सांगा की हे वेड तुमच्यापासून सुरू झालेलं नाही.

अलकापुरी_एक्सप्रेस

500 वर्गणीदार? मग खाँसाहेबांच्या संचासाठी बडोद्यात 500 जमणार नाहीत? मी कपाटाच्या विरोधात आहे, गाण्याच्या नाही. माझे धरा.

मांडवीची_मंद्र

ठरलं. वॉर्नरची ऑर्डर काढून टाकली. आधी श्नाबेल, मग दिवाळीनंतर बर्लिनवाला 22 चा. 55 चा राहू दे मनात, 37 ची पाचवी रावपुराकाकांकडे येऊन ऐकीन, त्यांनी नाही म्हटलं तरी.

आणि आमच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांची एक पेटी आहे, उघडून बघते. सुरक्षित बाहेर काढायच्या कशा तेवढं सांगा, एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसताहेत.

रावपुरा_78

हात लावू नका! पेटी आडवी असेल तर आडवीच खाली आणवा, दोघांनी धरून, लाख काचेसारखी तडकते. चिकटलेल्या सुरीने उकलू नका. आणि चुकूनही स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते, कोमट पाण्यात साध्या साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून. लेबलांचे फोटो काढून इथे टाका, नंबरासकट, खाचेशेजारी खरवडलेला आकडा असतो तोही. रविवारी सकाळी मी येतो, सुयांचा डबा घेऊन.

राजवाडा_ते_सराफा

फोटो टाकाल तेव्हा दोन्ही बाजूंचे टाका. आणि कुठल्या रेकॉर्डवर पेटी वाजतेय तेही लिहा.